सावलीला मनाई नाही

रमजान सुरू झाला की ईदच्या कपड्यांची चर्चा घरोघरी निघते. ज्या घरातून कोणी उमऱ्याला निघालेले असते किंवा ज्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा हजसाठी नंबर लागलेला असतो, तिथे कपड्यांची आणखी एक चर्चा चालते. एहराम टॉवेलच्या कापडाचा घ्यावा की साधा सुती? अम्मींना तिथल्या उन्हात काळा बुरखा सोसवेल का? पायात काय घालावे? छत्री न्यावी का, की इबादतीला निघालेल्या माणसाने उन्हाची तक्रार करू नये? अहेरीहून नागपूरच्या विमानतळावर पोहोचायलाच अर्धा दिवस जातो. पुढे समुद्रापलीकडचा देश, अनोळखी भाषा आणि लाखोंची गर्दी. अशा वेळी बॅगेत काय भरले आहे, याला फार महत्त्व येते.

उमरा म्हणजे मक्केची छोटी यात्रा. ती वर्षभरात बहुतेक केव्हाही करता येते आणि रमजानमधल्या उमऱ्याची ओढ मोठी असते. हज मात्र इस्लामी वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, जिलहिजमध्ये, ठरलेल्या दिवशीच होतो. रमजान ईदनंतर साधारण सव्वादोन महिन्यांनी तो येतो. त्यामुळे हजला जाणाऱ्यांच्या सामानाची जुळवाजुळव रोज्यांच्या दिवसांतच सुरू होते.

हा प्रश्न काही फक्त मुस्लिम घरांचा नाही. चंद्रपूर-गडचिरोलीतील बौद्ध उपासक लुंबिनी, अनुराधापूर, थायलंडची यात्रा करतात. आखातात नोकरीला असलेल्या मुलाकडे गेलेले आईवडील अबुधाबीचे मंदिर पाहतात आणि तिथली मोठी मशीदही पाहून येतात. ख्रिस्ती कुटुंबे जेरुसलेमला, रोमला जातात. यातली बरीच ठिकाणे उन्हाची आहेत आणि सगळ्याच ठिकाणी अंग झाकून येण्याचा नियम आहे. अदब सांगते, झाकून या. अंगाची लाही होते तेव्हा मन सांगते, काढून टाका. या दोन सांगण्यांत भांडण आहे, असे वरवर पाहता वाटते. अहेरीच्या उन्हात राहणाऱ्याला मात्र ठाऊक आहे, की ते तसे नाही.

तेंदूच्या हंगामाची शिकवण

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. याच महिन्यात गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पाने तोडणारी माणसे पहाटे अंधारात घर सोडतात. ऊन तापायच्या आत, दहा-अकरापर्यंत, पानांचे गाठोडे घेऊन परततात. दुपारी सावलीत बसून पुडे बांधतात आणि उन्हे कलली की ते फळीवर नेऊन देतात. पायांचे काम पहाटे, हातांचे काम दुपारी सावलीत, अशी ही वाटणी आहे. अंगावर पूर्ण बाह्यांचा जुना सुती सदरा, डोक्याला व कानांना घट्ट दुपट्टा, बाईच्या डोक्यावर पदर. उघड्या अंगाने कोणी जात नाही.

गावात आणि शहरातही तेच दिसते. विदर्भात मार्च उलटला की दुचाकीवर निघालेल्या मुली आणि बायका डोके, कान, चेहरा स्कार्फने गुंडाळून घेतात. हातांत लांब मोजे असतात. फक्त डोळे दिसतात, तेही गॉगलमागे. त्यातली कोण हिंदू, कोण मुस्लिम, कोण बौद्ध, हे सिग्नलवर उभ्या असलेल्याला सांगता येणार नाही. पुरुषांचेही तसेच. शेला, दुपट्टा, गमछा, नाव काहीही असो, डोक्याला कापड बांधल्याशिवाय दुपारी कोणी बाहेर पडत नाही. अंग झाकण्याचा हा रिवाज कोणत्याही धर्मग्रंथाने लावलेला नाही. तो उन्हाने लावला आहे.

त्यामागचे कारण सोपे आहे. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या जवळपास असते. हवा त्याहून गरम झाली की उघड्या अंगाला वाऱ्याने थंडावा मिळत नाही. उलट गरम हवेची झळ अंगात शिरते आणि वरून थेट ऊन लागते ते वेगळेच. अशा वेळी शरीराला थंड व्हायला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. सैल सुती कापड थेट ऊन अडवते, घाम टिपते आणि आतून हवा खेळू देते. घट्ट, जाड किंवा नायलॉन-पॉलिस्टरचे कापड ऊन अडवते खरे, पण घामही कोंडते.

काळ्या कपड्यांबद्दलचा एक गैरसमजही इथेच दूर करायला हवा. वाळवंटातले बदाऊनी लोक भर उन्हात काळे झगे का घालतात, हा प्रश्न काही शास्त्रज्ञांना पडला होता. त्यांनी नेगेवच्या वाळवंटात भर दुपारी माणूस उन्हात उभा करून मोजमापे घेतली. हे संशोधन १९८० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापत होता, हे खरेच. पण झगा इतका सैल होता, की कापड आणि अंग यांच्यातली तापलेली हवा वाऱ्याबरोबर निघून जात होती. त्वचेपर्यंत पोहोचणारी उष्णता दोन्ही रंगांत सारखीच निघाली. सैलपणा नसेल तर मात्र हा हिशेब चुकतो. अंगाला चिकटणारा, चमकदार कापडाचा, आत आणखी दोन थर असलेला बुरखा प्रवासात त्रास देणारच. तोच पातळ, सैल आणि हवा खेळेल असा शिवला तर रंग काळा असो की राखाडी, फारसे बिघडत नाही.

प्रत्येक ऊन आपल्यासारखे नसते

आपल्याला ऊन माहीत आहे, या भरवशावर परदेशी गेलेला माणूस कधी कधी फसतो. अहेरीचे मे महिन्यातले ऊन कोरडे असते. मक्केचेही कोरडेच. कोरड्या हवेत घाम येतो आणि दिसायच्या आत वाळतो. अंग कोरडे वाटते म्हणून पाणी पिण्याची आठवण राहत नाही, आणि शरीरातले पाणी कमी होत जाते. अशा ठिकाणी तहान लागण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळाने घोट घोट पाणी प्यावे लागते. मक्का चारी बाजूंनी खडकाळ डोंगरांत वसलेली आहे. दिवसभर तापलेले खडक रात्रीही ऊब सोडत राहतात. उन्हाळ्यात तिथली रात्र आपल्या जंगलाकाठच्या रात्रीसारखी निवत नाही.

बँकॉक, कोलंबो किंवा उन्हाळ्यातले अबुधाबी यांची गोष्ट निराळी. तिथे हवेत दमटपणा इतका असतो, की घाम वाळतच नाही. मे महिन्यात मुंबईला गेलेल्या विदर्भातल्या माणसाला याचा अनुभव असतो. अशा ठिकाणी डोक्याला घट्ट गुंडाळलेला दुपट्टा मदत करण्याऐवजी जीव कोंडतो. तिथे कापड आणखी पातळ हवे, अंगाला कमी चिकटणारे हवे आणि दुपारी बदलायला दुसरा जोड हवा. जाड जीन्स ही दमट देशातल्या देवळासाठी सर्वांत वाईट निवड. गुडघे झाकते एवढाच तिचा गुण. ओली झाली की दिवसभर वाळत नाही आणि मांड्या सोलून काढते.

एहराम आणि ५१.८ अंश

ऊन, कापड आणि श्रद्धा यांची सर्वांत मोठी कसोटी हजमध्ये लागते. जून २०२४ च्या हजमध्ये मक्केच्या मशिदीच्या परिसरात ५१.८ अंश तापमान नोंदले गेले. त्या वर्षी सुमारे १८ लाख ३३ हजार लोकांनी हज केला. त्या हजमध्ये १३०१ जणांचा मृत्यू झाल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. मृतांपैकी ८३ टक्के जण अधिकृत परवान्याशिवाय आलेले होते. त्यांच्या नावावर तंबू नव्हता, बस नव्हती. भर उन्हात सावलीशिवाय मैलोन् मैल चालणे त्यांच्या वाट्याला आले. भारतातून त्या वर्षी १ लाख ७५ हजार यात्रेकरू गेले होते. त्यांपैकी ९८ जणांचा मृत्यू झाल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले. वार्धक्य, जुने आजार आणि काही अपघात ही त्यामागची कारणे होती.

या आकड्यांतून पहिली गोष्ट कळते ती कपड्यांची नाहीच. स्वस्तात नेतो, परवान्याचे पाहून घेऊ, असे सांगणाऱ्या एजंटाच्या मागे जाऊ नये. डोक्यावर तंबूच नसेल तर कोणतेही कापड पुरे पडत नाही.

दुसरी गोष्ट एहरामची. मक्केत शिरण्याआधी ठरलेल्या सीमेवर यात्रेकरू एहराम धारण करतो. पुरुषांसाठी दोन न शिवलेली पांढरी कापडे असतात. एक कमरेला, दुसरे खांद्यावर. राजा असो की मजूर, पोशाख एकच. या अवस्थेत पुरुषाला टोपी, फेटा, दुपट्टा असे डोक्याला टेकणारे काहीही घालता येत नाही. अत्तर, सुगंधी साबण, सुवासिक तेलही चालत नाही. स्त्रियांना वेगळा पोशाख नाही. रोजचे अंगभर कपडे, कोणत्याही रंगाचे चालतात. त्यांचे डोके झाकलेले असते, पण चेहऱ्याला नकाब बांधायचा नसतो आणि हातमोजे घालायचे नसतात.

म्हणजे उन्हाविरुद्ध आपल्याकडचे सर्वांत भरवशाचे हत्यार, डोक्याला बांधलेला दुपट्टा, पुरुषाला नेमके तिथेच वापरता येत नाही. मग काय करायचे? उत्तर छत्रीचे आहे. डोक्याला न टेकणारी सावली एहराममध्ये चालते. छत्री, तंबू, गाडीचे छप्पर, भिंतीची सावली, यांपैकी कशालाही आपल्याकडच्या बहुसंख्य हनफी मुसलमानांच्या रीतीत मनाई नाही. शिया पंथात चालत्या सावलीबद्दल पुरुषांसाठी वेगळे नियम आहेत. त्यांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

तरीही अनेक वडीलधारे छत्री घेत नाहीत. आयुष्यभराची बचत खर्चून, मुलांची लग्ने उरकून, साठी-पासष्टीला अल्लाहच्या घरी निघालेल्या माणसाला वाटते, इतके सोसले, आता तिथे ऊन काय टाळायचे? जितका त्रास, तितके पुण्य. भावना खरी आहे. पण खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या विचाराला थारा दिलेला नाही.

हदीसमध्ये एक प्रसंग नोंदलेला आहे. प्रवचन चालू असताना एक माणूस उन्हात उभा दिसला. चौकशी केली तेव्हा कळले, की त्याने नवस केला होता. बसायचे नाही, सावलीत जायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही आणि रोजा ठेवायचा. प्रेषितांनी त्याला निरोप पाठवला, की त्याने बसावे, सावली घ्यावी, बोलावे. रोजा मात्र पूर्ण करावा. रमजानच्या महिन्यात या प्रसंगाकडे पाहिले तर त्यातली निवड लक्षात येते. रोजा ही इबादत होती, ती कायम राहिली. उन्हात उभे राहणे ही इबादत नव्हती, ते काढून टाकले गेले. आणखी एकदा, दोन मुलांच्या खांद्यांवर हात टाकून फरफटत चाललेला एक म्हातारा त्यांना दिसला. काब्यापर्यंत पायी जाण्याचा त्याचा नवस होता. स्वतःला असे छळण्याची अल्लाहला गरज नाही, असे सांगून त्याला वाहनावर बसण्याचा हुकूम झाला.

आणि इ. स. ६३२ मधल्या त्यांच्या अखेरच्या हजची नोंद तर थेट सावलीची आहे. उसामा आणि बिलाल हे दोन सहकारी सोबत होते. एकाने उंटिणीची दोरी धरली होती. दुसऱ्याने कापड उंच धरून प्रेषितांवर सावली केली होती. आजच्या छत्रीला याहून मोठा दाखला कशाला हवा?

रोज्यांच्या बाबतीतही हीच सवलत आहे. कुराणात जिथे रमजानच्या रोज्यांचा हुकूम आहे, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजे पुढे भरून काढण्याची मुभा दिलेली आहे. रमजानमध्ये उमऱ्याला गेलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने ही मुभा कमीपणाची समजू नये. निघण्यापूर्वी डॉक्टरांना आणि आलिमांना, दोघांनाही विचारावे.

डोके, खांदे, पाय

जगभरच्या धर्मस्थळांचे पोशाखाचे नियम पाहिले तर एक गोष्ट जवळपास सगळीकडे सारखी आहे. खांदे झाकलेले आणि गुडघे झाकलेले. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये, बँकॉकच्या राजवाड्यातील पाचूच्या बुद्धमंदिरात, कंबोडियाच्या अंगकोरमध्ये, अबुधाबीच्या शेख जायद मशिदीत आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या तिथल्याच स्वामीनारायण मंदिरात बिनबाह्यांचे आणि गुडघ्यांवरचे कपडे चालत नाहीत. बाली बेटावरच्या हिंदू मंदिरांत तर कमरेला लुंगीसारखे वस्त्र गुंडाळून वर पट्टा बांधावा लागतो. आपल्या आजोबांच्या पिढीला यातले काहीच नवे वाटले नसते.

फरक पडतो तो डोक्याच्या आणि पायांच्या बाबतीत. शेख जायद मशिदीत स्त्रियांनी डोके झाकायचे. गुरुद्वारात स्त्री-पुरुष सर्वांनीच झाकायचे. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी पुरुषांनी झाकायचे. चर्चमध्ये शिरताना मात्र पुरुषांनी टोपी काढायची, आणि श्रीलंकेच्या बुद्धमंदिरात सर्वांनीच. एकाच आदराच्या या वेगवेगळ्या भाषा आहेत. सिरोंच्यातील वली हैदरशाह बाबांच्या दर्ग्यात शिरताना हिंदू भाविक खिशातला रुमाल काढून डोक्यावर ठेवतो. त्याला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. परदेशात गेल्यावरही तो रुमाल खिशात असला की अर्धे काम होते. एक मोठा, पातळ सुती दुपट्टा सोबत असेल तर तो डोक्यावर, खांद्यांवर, कमरेला, गरजेप्रमाणे कुठेही जातो.

बौद्ध उपासकांसाठी श्रीलंकेचा नियम ओळखीचा आहे. तिथे विहारात जाताना पांढरे कपडे घालण्याची रीत आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते चंद्रपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला. तेव्हापासून या जिल्ह्यांतल्या लोकांना पांढऱ्या वस्त्रांचे महत्त्व सांगायला नको. अनुराधापूरच्या उन्हात ती उपयोगीही पडतात. एक काळजी मात्र घ्यावी. आपल्याकडे प्रेमाने घातला जाणारा बुद्धांचे चित्र छापलेला टी-शर्ट श्रीलंकेत आणि थायलंडमध्ये अवमान समजला जातो. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणेही तिथे चालत नाही.

पायांचा प्रश्न उन्हाळ्यात सर्वांत बिकट होतो, कारण बहुतेक ठिकाणी चपला बाहेर ठेवायच्या असतात. चैत्रात चंद्रपूरच्या महाकाली यात्रेला आलेल्या किंवा एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेच्या पुष्कर पर्वाला नदीकाठी गेलेल्या भाविकांना तापलेल्या जमिनीवरची अनवाणी धावपळ आठवत असेल. अनुराधापूरच्या आवारातही वाळू आणि फरशी तशीच पोळते. तिथे पांढरे सुती मोजे घालता येतात. म्यानमारच्या श्वेडगोन पॅगोडात मोजेही चालत नाहीत. तिथे सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतरच जावे.

मक्केत काब्याभोवतीची पांढरी फरशी ग्रीसमधल्या थासोस बेटावरच्या संगमरवराची आहे. ती ऊन परतवते आणि दुपारीही पायाला सोसवते. मदिनेत मशीद-ए-नबवीच्या आवारात दिवसा उघडणाऱ्या आणि संध्याकाळी मिटणाऱ्या २५० प्रचंड छत्र्या आहेत. धोका आहे तो दारापासून हॉटेलपर्यंतच्या रस्त्याचा. गर्दीत चपला हरवतात. बाहेर डांबर किंवा काँक्रीट तापलेले असते. चार पावले चालू म्हणत निघालेल्या माणसाच्या तळव्यांना फोड येतात. मधुमेहाच्या रुग्णाला तर चटका बसलेला कळतही नाही, आणि अशी जखम महिनोन् महिने भरत नाही. चपला दाराशी न ठेवता लहान कापडी पिशवीत घालून सोबतच ठेवणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

घड्याळ आपल्या हातात नसते

अहेरीत ऊन सोसता येते त्यामागे आणखी एक कारण आहे. इथे अकरा ते चार घरात थांबता येते. प्रवासात हे स्वातंत्र्य जाते. बस दुपारी दोनला पोहोचते. गटातले सगळे लगेच निघतात. मागे राहिलो तर चुकामूक होईल, ही भीती असते. मन तर केव्हाचे काब्यापाशी पोहोचलेले असते. इथेच चूक होते. मक्केत उतरल्याबरोबर त्याच तासाला उमरा करण्याचे बंधन नाही. एहराममध्येच हॉटेलात विश्रांती घेऊन, जेवून, रात्री इशाच्या नमाजनंतर किंवा पहाटे फजरच्या आधी तवाफला जाता येते. तवाफ म्हणजे काब्याभोवतीच्या सात फेऱ्या. त्यानंतर सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा चालायचे असते, त्याला सई म्हणतात. सईचेच अंतर तीन किलोमीटरच्या वर भरते. आता ती वाट छताखाली आणि वातानुकूलित आहे. तेंदूपत्त्याची वेळेची वाटणी इथेही लागू पडते. चालायचे ते पहाटे किंवा रात्री. दुपारी सावलीत बसून तिलावत, जिक्र, आराम.

जुन्या हाजींचा सल्ला ऐकतानाही एक हिशेब लक्षात ठेवावा. इस्लामी वर्ष चांद्र असल्यामुळे हज दरवर्षी साधारण ११ दिवसांनी अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २००६ च्या सुरुवातीचा हज जानेवारीत झाला होता. त्या वर्षी गेलेले हाजी आजही सांगतात, मुजदलिफाची रात्र उघड्यावर काढावी लागते, शाल न्या. त्यांचे म्हणणे त्यांच्या वर्षापुरते बरोबर होते. २०२४ चा हज जूनच्या मध्यावर आला. आता तो हळूहळू मेकडे आणि एप्रिलकडे सरकत आहे, पण मे महिन्यातली मक्काही ४० अंशांच्या वरच असते. शाल ठेवावी की छत्री, हे आपल्या वर्षाचे कॅलेंडर पाहून ठरवावे.

हजमध्ये एहरामचे दिवस मोजकेच असतात, हेही अनेकांना ठाऊक नसते. उमरा झाला, केस कापले, की पुरुष पुन्हा रोजचा कुर्ता-पायजमा घालू शकतो, टोपी घालू शकतो, ओला दुपट्टाही डोक्यावर घेऊ शकतो. एहराम पुन्हा घालायचा तो हजच्या मुख्य दिवसांसाठी. त्यातही सर्वांत जपायचा दिवस जिलहिजच्या ९ तारखेचा, अरफातच्या मैदानातला. तिथे दुपारपासून सूर्यास्तापर्यंत दुआ मागत थांबायचे असते. टेकडीवर चढलेच पाहिजे असे नाही. आपल्या तंबूत बसून मागितलेली दुआही अरफातचीच दुआ असते.

निघण्यापूर्वी

— एहरामचे दोन जोड घ्यावेत. टॉवेलचे जाड कापड घामाने जड होते. त्यापेक्षा पातळ सुती बरे. न धुता नवेच नेऊ नये. दोन-तीनदा धुतले की कापड घाम टिपू लागते.

— एहराम घरीच नेसून अंगणात चालून पाहावे. आत शिवलेले कपडे नसल्याने चालताना मांड्या घासतात. बिनवासाचे व्हॅसलीन सोबत ठेवावे. साबण आणि उन्हाचे मलमही बिनवासाचेच असावे.

— चपला नव्या नेऊ नयेत. महिनाभर वापरलेल्या, पायाला सरावलेल्या न्याव्यात. एहराममध्ये पुरुषांच्या पायाचा घोटा आणि वरचा उंचवटा उघडा राहील अशीच चप्पल लागते. साधी हवाई चप्पल चालते. एक जोड जास्तीचा ठेवावा.

— स्त्रियांसाठी सैल, पूर्ण बाह्यांचे, सुती कपडे. पिन लावायची गरज नसलेली सुती ओढणी. बुरख्याच्या आत जाड कपड्यांचे थर नकोत.

— छत्री फिक्या रंगाची घ्यावी. तिच्यावर नाव आणि गटाचा क्रमांक लिहावा. पाणी फवारायची छोटी बाटली आणि पिण्याच्या पाण्याची बाटली सोबत असावी.

— चालण्याचा सराव आतापासून करावा. इफ्तारनंतर किंवा तरावीहला जाता-येता थोडे जास्त अंतर चालले तरी पायांना सवय होते.

— सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचे अंग तापले, तो अडखळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. त्याला लगेच सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी टाकून वारा घालावा आणि मदत बोलवावी. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये.

घरातल्या तरुणांसाठी एक काम उरते. अब्बांच्या किंवा दादीच्या बॅगेत छत्री नुसती ठेवून भागत नाही. त्यांना ती उघडायला राजी करावे लागते. इफ्तारनंतर सगळे निवांत बसले असतील तेव्हा उन्हात उभ्या राहिलेल्या त्या माणसाचा प्रसंग त्यांना सांगावा. रोजा पूर्ण करण्याचा आणि सावली घेण्याचा हुकूम त्याला एकाच वेळी मिळाला होता.